राजा वगळून अमेरिका

अमेरिकेला जायचं तर मुंबईहून बोटीत बसावं लागतं, असा एक सर्वसाधारण समज आहे. मी पुण्याहून सर्व्हिस मोटारीत बसलो, कापूरहोळला उतरलो आणि पुढची अमेरिका बैलगाडीतून केली. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भोर-वेल्ह्याकडे जाणं झालं तर पांघरूण जाड न्या, आणि इतिहास शक्यतो घरी ठेवून जा.

झालं असं, की आमच्या पेठेत ज्ञानाचा प्रसार करणारं एक मंडळ होतं. मंडळी स्वतः पुण्यात राहत आणि ज्ञान बाहेरगावी पाठवत. मंदीचे दिवस होते. अमेरिकेतला कसलासा बाजार कोसळला म्हणून आमच्या शाळेत मास्तरांचे पगार कापले गेले, असं आमचे चिटणीस गंभीर चेहऱ्यानं सांगत. ज्या देशानं माझ्या घरचं दूध निम्म्यावर आणलं त्या देशाची ओळख खेडोपाडी करून द्यावी, असं मंडळाला वाटलं. मी इतिहास शिकवतो, माघ महिन्यात मला थोडी रजा मिळते आणि मला नाही म्हणता येत नाही, या तीन गुणांवर माझी निवड झाली.

मी जाड कागदावर अमेरिकेचा मोठा नकाशा काढला आणि त्या देशाचा सबंध इतिहास चार व्याख्यानांत बसवला. सापडली, सुटली, फुटली आणि वाढली. बायको म्हणाली, "एवढा मोठा देश, चार शब्दांत?" मी म्हटलं, आपला संसार तर दोनच शब्दांत बसतो. ते दोन शब्द कोणते हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितले नाहीत.

कापूरहोळ

भोरचा रस्ता इथून फुटतो. मोटारीच्या टपावरून नकाशाची गुंडाळी खाली आली तेव्हा कळलं, की वाटभर तिच्यावर कोंबड्यांचं खुराडं होतं. नकाशा उलगडून पाहिला. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कोंबड्यांनी चांगलीच वसाहत केली होती. पाणी मारून पुसायला गेलो तर अर्धं टेक्सास धुऊन निघालं. पुढं सगळ्या व्याख्यानांत मी तो भाग "वाळवंट" म्हणून दाखवला आणि कुणीही हरकत घेतली नाही.

भोर

भोर ही संस्थानची राजधानी. इथं व्याख्यान द्यायचं तर आधी परवानगी लागते. ज्या साहेबांना भेटायचं होतं ते फार अगत्यशील निघाले. पानाचं तबक पुढं सरकवून म्हणाले, "अमेरिका? उत्तम देश. मोटारी छान करतात. अवश्य सांगा. फक्त राजेलोकांविषयी अनुदार उद्गार नकोत."

मी म्हटलं, "साहेब, तो राजा भोरचा नव्हता. इंग्लंडचा होता."

"मग तर मुळीच नकोत," साहेब म्हणाले.

"पण माझं दुसरं व्याख्यान 'सुटली' असं आहे."

"सुटली म्हणा की. कोणापासून, ते कशाला?"

ही सूचना मी नम्रपणे ऐकून घेतली. नम्रपणा आमच्या घराण्यात आजोबांपासून आहे. कर, बंड, जुलूम हे शब्दही टाळावेत असं ठरलं, आणि मला काही कमी पडू नये म्हणून एक जमादार बरोबर दिला. जमादार पन्नाशीचा, मिशा भरघोस, स्वभाव गरीब. त्याला दोनच व्यसनं होती, चहा आणि हुकूम.

भोरला मी "सापडली" हे व्याख्यान दिलं. पुढच्या बाकांवर शहाणी मंडळी होती, त्यांनी तिथं आंबा होतो का एवढंच विचारलं. मागं, बाजाराला आलेला एक धनगर खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. कोलंबसानं अमेरिका शोधून काढली असं मी म्हणताच तो बोलला, "मास्तर, तितं आदी मानसं न्हवती का?"

"होती ना. पुष्कळ होती."

"मग ती हरवली कवा व्हती?"

सभा हसली. मीही हसलो आणि नकाशा सरळ केला. मग त्यानं त्या लोकांचं पुढं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं की गोऱ्यांनी त्यांना पश्चिमेकडे रेटलं, त्यांची रानं घेतली, ज्या जनावरांवर ते जगत ती मारून टाकली आणि उरलेल्यांना आखून दिलेल्या तुकड्यांत बसवलं. धनगर म्हणाला, "चराईचं रान गेलं की मानूस गेलाच." जमादार खोकला. मी लगेच रेल्वेवर आलो.

विंझर

विंझरला जाताना डाव्या-उजव्या बाजूंनी डोंगर जवळ येत जातात. शेतं कापून झाली होती, खाचरांत नुसती धसकटं, आणि पांगारा लालभडक फुलला होता. पाटलांच्या घरी आंबेमोहोराचा भात आणि हुलग्याचं माडगं जेवलो. पुण्यात आम्ही पाहुण्याला "आणखी घ्या" म्हणतो आणि वाढणारा हात मागं ठेवतो. इथं कोणी काही म्हणत नाही, नुसतं वाढतात.

पाटलांना इतिहासातला क्रम मान्य नव्हता. "लढाई आदी सांगा, बाकीचं मागनं," असं त्यांनी फर्मावलं. म्हणून सुटायच्या आधीच अमेरिका विंझरला फुटली. आफ्रिकेतून माणसं बेड्या घालून कशी आणली, बाजारात उभी करून कशी विकली, कापसाच्या शेतात त्यांच्या पिढ्या कशा राबवल्या, आणि त्या प्रश्नावरून एकाच देशाचे दोन तुकडे होऊन भाऊ भावाशी कसा लढला, हे सगळं मी देवळाच्या ओट्यावरून सांगितलं. पाटील हळहळले. "मानसाला असं वागवत्यात व्हय? लई वाईट मुलूख," असं दोनदा म्हणाले. त्याच वेळी रस्त्यापलीकडे, गावकुसाबाहेरची दहाबारा माणसं धुळीत बसून माझं व्याख्यान ऐकत होती, कारण देवळाच्या आवारात यायची त्यांना बंदी होती. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून मी आवाज थोडा चढवला. माझी समाजसुधारणा तेवढ्यावरच थांबली.

वाडी

विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या वाटेवर, एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं पुन्हा तोंड दाखवायचं आहे. इथून तोरणा पुरता दिसतो. वाटेच्या वळणावर चार मेढी आणि पत्र्याचं छप्पर असलेलं गजराबाईचं हॉटेल होतं. हिरड्याच्या आणि कोळशाच्या गाड्या तिथं थांबत, बैलांना पाणी मिळे आणि गाडीवानांना गुळाचा चहा. गजराबाईचा नवरा गाडीवानच होता. तो वारल्यावर भावाच्या दारात शेणघाण काढण्याऐवजी तिनं ही चूल पेटवली होती. तिचा चहा इतका कडक असे, की एका कपानं जमादाराच्या मिशा ताठ होत.

व्याख्यान होतं "सुटली." देवीच्या देवळापुढं अख्खी वाडी जमली. जमादार अगदी माझ्या कोपराशी बसला. मी राजा वगळला, कर वगळला, बंड वगळलं, आणि जे उरलं ते सांगितलं. एका बंदरात चहाची जहाजं आली. गावच्या माणसांनी तोंडं रंगवली, सोंगं घेतली, जहाजांवर चढून पेट्या फोडल्या आणि सगळा चहा समुद्रात ओतला. तिथून त्या देशाचं नशीब पालटलं, आणि आज तो जगातला सगळ्यांत श्रीमंत देश आहे.

पुढच्या रांगेत रावजीबुवा होते. वाडीतले वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. त्यांनी विचारलं, "मास्तर, च्या का ओतला?"

मी जमादाराकडे पाहिलं. जमादारानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना तो नको होता," मी म्हटलं.

"बरुबर!" रावजीबुवांनी मांडीवर थाप मारली. चहावर त्यांचा फार दिवसांचा राग होता. सुना सकाळी उठून गोठ्यात जायच्या आधी चहा ठेवतात, घरात दूध उरत नाही, पोरं भाकरी सोडून कपबशीला चिकटतात, हे ते वर्षानुवर्षं सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. आता साक्षात पुण्याचा मास्तर अमेरिकेची साक्ष घेऊन आला. ते उठून उभे राहिले. "ऐकलं का रं? येवढं मोटं राज्य, पन च्या सोडला तवाच वर आलं! आमी कवापास्नं बोंबलतुया!"

व्याख्यानाचा इतका परिणाम माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता. मला थोडा अभिमानसुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा गावकी बसून उठली होती. रावजीबुवांनी देवीचा भंडारा उचलला होता. देवीची हळद हातात घेऊन गावच्या वतीनं शपथ झाली, की या शिवारात चहा शिजायचा नाही आणि प्यायचा नाही. भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. तो माणसाला मोडता येत नाही. लगेच तीन जवान गडी तोंडाला काजळी फासून गजराबाईच्या हॉटेलवर चालून गेले. अमेरिकेत सोंगं घेतली होती असं मी सांगितलं होतं, आणि या लोकांना कामात कसर ठेवणं आवडत नाही. वाडीत सत्तर माणसं, कोण कोणाला ओळखत नाही?

"ए बबन," गजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काजळी फासून काय व्हतंय? तुज्या चालीवरनं वळखलं मी. आईला सांगू का?"

काजळीखालून बबन म्हणाला, "मावशे, भंडारा उचललाय. माजा इलाज न्हाई."

भुकटीचा डबा घेऊन ते नदीवर गेले. नदीला पाणी घोट्याइतकं होतं. समुद्राची बरोबरी व्हावी म्हणून ते डोह शोधत अर्धा कोस चालले, आणि तिथं तो चहा विधिपूर्वक बुडवण्यात आला. खालच्या अंगाला म्हशी पाणी पीत होत्या. त्या दिवशी त्यांनी उधळून दोन कुंपणं पाडली असं ऐकलं, पण त्याचा संबंध चहाशी लावायला मी तयार नाही.

गजराबाई माझ्याकडे आली तेव्हा मी उतरलो होतो त्या घरी चुलीजवळ बसून नाचणीची भाकरी कोरडी चावत होतो. चहाशिवाय माझं डोकं ठणकायला लागलं होतं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"मास्तर, तुमच्या त्या अमेरिकेत माज्यावानी येकांदी बाई असंलच की. च्या इकून खानारी. तिचं पुढं काय झालं, त्ये न्हाई सांगितलंसा."

मी म्हटलं, इतिहासात तसा उल्लेख नाही.

"न्हाईच असायचा," ती म्हणाली. "सांजच्याला भावाकडं निरोप धाडते. त्यो यील न्यायाला. म्हशी हाईत त्येच्याकडं." आणि पदरानं चुलीतला धूर डोळ्यांवरून सारल्यासारखं केलं. धूर नव्हता.

मला फार वाईट वाटलं. हे वाक्य मी सरळच लिहितो, कारण त्याला दुसरं कुठलं वळण देता येत नाही. मी रावजीबुवांकडे गेलो आणि म्हटलं, चहा वाईट म्हणून नव्हता ओतला. "मग?" ते म्हणाले. दारात जमादार उभा होता. मी म्हटलं, "तशी बरीच कारणं होती." ते म्हणाले, "बगा, तुमालाच ठावं न्हाई," आणि विडी पेटवली.

शेवटी मार्ग गुरवानं काढला. भंडारा माणसाला मोडता येत नाही, पण देवी मोडू शकते. तिला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं कोणी घालायचं? ज्याच्यामुळं गोंधळ झाला त्यानं. सगळ्या वाडीनं माझ्याकडे पाहिलं.

पुण्यात असताना अशा गोष्टींवर मी दोन लेख लिहिले होते. त्यांचं शीर्षक आठवलं आणि मी मुकाट्यानं हातपाय धुतले.

सकाळच्या उन्हात सारी वाडी देवळात दाटली. गजराबाई खांबाला टेकून बसली होती. तिचा भाऊ आला होता. दाराशी गाडी जुंपून उभी होती आणि गाडीत तिची ट्रंक चढली होती. पाकळ्या लागल्या. मी हात जोडून म्हटलं, "आई, परदेशातल्या लोकांनी चहा समुद्रात टाकला, पण त्यात चहाचा दोष नव्हता. तेव्हा या बाईची चूल पेटू दे." पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही थांबलो. ऊन पायरी चढून आत आलं. भावाचा बैल दोनदा हंबरला.

गुरव माझ्याकडे वळला. "मास्तर, कायतरी ऱ्हायलंय तुमचं. आईला अर्दं सांगून भागत न्हाई. अर्द्या गाऱ्हान्याला ती कौल देत न्हाई."

मला भीती वाटली. देवीची नव्हे, साहेबांची. मंडळाच्या नावानं तक्रार गेली असती, शाळेपर्यंत पोचली असती, आणि मंदीत नोकरी गेलेला इतिहासाचा मास्तर कुठं खपतो? मी जमादाराकडे पाहिलं. चहा तुटल्यापासून त्याच्याही डोक्याला फडकं बांधलेलं होतं. त्यानं घसा साफ करून गुरवाला विचारलं, "ह्ये याख्यान हाय का गाऱ्हानं?"

"गाऱ्हानं," गुरव म्हणाला.

"लोकान्ला सांगनार का देवीला?"

"देवीला."

"मला हुकूम हाय त्यो याख्यानाचा हाय," जमादार म्हणाला. "देवीबद्दल सायब काय बोललं न्हाईत."

मग मी गजराबाईच्या ट्रंकेकडे पाहिलं आणि देवीला सगळं सांगितलं. सातासमुद्रापलीकडे एक राजा होता. त्यानं आपल्या लढायांचा खर्च भागवायला दूरच्या लोकांवर कर बसवले. त्यांना विचारलं नाही. त्यांचं कुणी दरबारात बसू दिलं नाही. लोकांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, त्या ऐकल्या नाहीत. चहा त्यांना आवडायचा, आई, रोज प्यायचे. पण त्याच्यावर राजाचा कर होता आणि तो कर त्यांना न विचारता बसवलेला होता. म्हणून त्यांनी आवडता चहा पाण्यात घातला. भांडण चहाशी नव्हतं. हे मी आधी सांगितलं नाही, कारण मला सांगू दिलं नव्हतं.

मग उजवी पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

मला रडू आलं. डोकं दुखत होतं म्हणून, असं मी नंतर जमादाराला सांगितलं. गजराबाईनं भावाकडे पाहून नुसती मान हलवली, आणि तो निमूटपणे गाडीतून ट्रंक उतरवू लागला.

ज्यानं भंडारा उचलला त्यानंच पहिला घोट घ्यायचा, तरच शपथ सुटते, अशी रीत आहे. चहाची भुकटी डोहात गेलेली, मग आता आणायची कुठून? गजराबाई घरात गेली आणि तांदळाच्या कणगीतून एक भरलेली पुडी घेऊन आली. ती तिथं कशी आली हे कुणीच विचारलं नाही. रावजीबुवांनी बशीत ओतून पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दुसरा घेतला.

"मंजी च्या बिचारा फुकटच बुडाला," ते म्हणाले. बशी रिकामी करून खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आन् मास्तर, कर? त्यो द्यायचा सोडला त्यांनी?"

जमादार म्हणाला, "कौल झालाय. आता नुसता च्या प्या."

परत

वेल्ह्याला मी पोचलो नाही. तिथं "वाढली" हे व्याख्यान व्हायचं होतं. त्यात सोन्याच्या खाणी होत्या, रेल्वे होती, मोटारी होत्या आणि शेवटी तो कोसळलेला बाजार होता. पण भोरहून निरोप आला, की मास्तरांनी देवदर्शन पुरे करून संस्थानच्या हद्दीबाहेर जावं. बातमी कोणी पोचवली कळलं नाही. जमादारानं आपण नाही अशी शपथ घेतली, आणि मला ती खरी वाटली.

निघताना गजराबाईनं काठोकाठ कप दिला. म्हणाली, "च्या सुटला, मास्तर. तुमी अडाकलासा." पैसे घेतले नाहीत. हॉटेलात गर्दी होती. रावजीबुवा मेढीला टेकून बसले होते आणि चराईची फी, हिरड्याचा भाव असं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मी गाडीत चढलो तेव्हा ते सगळे एकदम गप्प झाले आणि रामराम म्हणाले.

मला हद्दीबाहेर सोडायचं काम जमादाराकडेच होतं. वाटभर तो गाडीत माझ्यासमोर बसून बैलांच्या किमतींवर बोलत होता, अमेरिकेचं नाव काढत नव्हता. हद्दीच्या आत हुकूम होता, म्हणून मीही काढलं नाही. पुण्याच्या वाटेवर जिथं संस्थानची हद्द संपते तो दगड मागं पडला तेव्हा त्यानं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून दगड नीट न्याहाळला, आपण त्याच्या कुठल्या बाजूला आहोत ते पाहिलं, आणि एका झाडाच्या सावलीत बसला. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बसा, मास्तर," म्हणाला. "आता हद्द संपली. त्या राज्याचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं. लढाई झाली, राजा हरला, लोकांनी आपलं राज्य आपण चालवायचं ठरवलं. आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांनीच माणसं गुलाम ठेवली, आणि ज्यांची जमीन होती त्यांना हाकललं, तेही सांगितलं. या खेपेला काही वगळलं नाही. गाडीवानानं बैल सोडले आणि तोही येऊन बसला.

जमादारानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून धोतर झटकलं आणि आल्या वाटेकडे तोंड केलं.

"कुठं?" मी विचारलं. "भोर?"

"न्हाई. आदी गजराबाईकडं कपभर घेतो," तो म्हणाला. "रावजीबुवा तितंच असंल. त्याला फुडचं सांगाया पायजे."